शेवटच्या नळावर पिवळं

थेंबकाका पाणी पिण्याआधी पेल्यात नाक घालायचे. स्वतःच्या घरीसुद्धा.

पावडरच्या पोत्याला ते दोन गाठी मारायचे आणि वर एक वीट ठेवायचे. वीट कशाला, असं विचारलं की म्हणायचे, "वीट दिसली की समजायचं, गाठ मारलीय. म्हातारपणी डोक्यावर विश्वास ठेवू नये."

लोक शर्टाच्या खिशात चष्मा ठेवतात. ते काचेची छोटी नळी ठेवायचे, रुमालात गुंडाळून.

रस्त्यात कोणी पांढऱ्या शर्टातला दिसला की म्हणायचे, "जरा पाठ करून उभा राहा रे." मग त्याच्या पाठीसमोर नळी धरून पाण्याचा रंग बघायचे. एकदा लग्नाला निघालेल्या नवऱ्या मुलालाच त्यांनी असं उभं केलं होतं. मुलगा उभा राहिलाही.

टाकीच्या शिडीची तिसरी पायरी गंजलेली होती, ती ते ओलांडून जायचे. पुढे नवी शिडी बसली. नव्या शिडीचीही तिसरी पायरी ते ओलांडतच राहिले.

त्यांना पोहता येत नव्हतं.

अंगावर एकही गडद कपडा धड नव्हता. सगळ्यांवर पांढुरके डाग. त्यांची बायको म्हणायची, "ह्यांना काळा शर्ट द्या, महिनाभरात आभाळ भरून येतं त्यावर."

हे सगळं शिलाईताईंनी पाहून ठेवलेलं होतं. त्यांचं घर शेवटच्या गल्लीतलं शेवटचं. टाकीतून निघालेली पाण्याची लाइन वस्तीभर फिरून त्यांच्या दारातल्या नळाशी संपायची. त्यांचं शिवणाचं मशीन दाराशीच होतं, आणि त्यावर बसलं की डोळ्यांसमोर नळ आणि नळासमोरचा एक चपटा दगड. त्या दगडावर थेंबकाका रोज सकाळी येऊन बसायचे.

त्यांचं काम सांगायला सोपं होतं. पहाटे टेकडीवर जायचं. बादलीत ब्लीचिंग पावडर कालवायची. चुना खाली बसला की वरचं निवळलेलं पाणी टाकीत ओतायचं. अर्धा तास थांबायचं. मग व्हॉल्व्ह उघडायचा. "पाणी सोडलं" असं ते कधी म्हणत नसत. "पाणी तयार झालं" म्हणत, जणू काही ते चुलीवर होतं.

मग पाण्यामागून टेकडी उतरत यायचे आणि शेवटच्या नळावर परीक्षा घ्यायचे. नळ मिनिटभर वाहू द्यायचा, नळी भरायची, बाटलीतलं औषध थेंबभर टाकायचं. पाणी पिवळं झालं तर पावडरचा अंश इथवर जिवंत पोचला. पांढरंच राहिलं तर वाटेतच संपला.

"पहिल्या नळाचं काय कौतुक?" ते म्हणायचे. "तो टाकीच्या मांडीवर बसलाय. शेवटच्याला मिळालं तर सगळ्यांना मिळालं."

वस्तीला त्यांच्या पाण्याचं कौतुक नव्हतंच. न्हावी दुकानातून ओरडायचा, "काका, आज पाण्याला दवाखान्याचा वास येतोय!"

"तू दवाखान्यात जाण्यापेक्षा दवाखाना तुझ्याकडे आलेला बरा," काका चालता चालता म्हणायचे.

सगळी वस्ती त्यांना काका म्हणायची. शिलाईताई भाऊ म्हणायच्या. ते त्यांना ताई म्हणायचे, वयाने पंधरा वर्षांनी मोठे असूनही.

मागच्या वर्षी त्यांचा उजवा गुडघा सुजला. टेकडी उतरायला वेळ लागू लागला. ते पोचेपर्यंत शेवटच्या नळाचं पाणी कधी कधी गेलेलं असायचं. कोरडा नळ बघून ते दगडावर नुसते बसायचे. ताईंना ते बघवेना. त्या म्हणाल्या, "भाऊ, पाणी आलं की मी एक भांडं भरून ठेवत जाते. तुम्ही आरामात या. तुमची नळी त्यातून भरा."

काकांनी कोरडा नळ एकदा फिरवून बघितला. मग म्हणाले, "नियम नळाचा आहे, ताई. नळाचं पाणी म्हणजे डोळ्यांनी पाहिलेला साक्षीदार. भांड्यातलं पाणी म्हणजे ऐकीव गोष्ट."

"मग माझ्यावर विश्वास नाही म्हणा."

"तसं कुठं म्हटलं मी?"

तसं म्हणायचं नव्हतं म्हणूनच ते हो म्हणाले. भांडं ठरलं. भांड्याबरोबर चहाही ठरला.

ताईंची सासू आतल्या खाटेवरून हे ऐकत असायची. ऐंशी पार केलेली बाई. कान गेले होते, पण नको ते नेमकं ऐकू यायचं. "त्याला चहा, आणि मला दोनदा हाक मारावी लागते," ती म्हणायची. "उद्या त्याची नळी पण तूच धुऊन दे."

भांडं ठरलं त्याच आठवड्यात पाणी पिवळं झालं नाही. पहिल्या दिवशी नाही. दुसऱ्याही दिवशी नाही. दर वेळी काका चहा अर्धा टाकून उठायचे. व्हॉल्व्ह बंद करायचा, पुन्हा टेकडी, पुन्हा शिडी, पुन्हा बादली, पुन्हा अर्धा तास. तिसऱ्या दिवशी ते दुसऱ्यांदा खाली आले तेव्हा भिंतीला धरून चालत होते. विजार गुडघ्यावर ताठ झाली होती.

"एवढी पावडर घालतोय," ते म्हणाले. "वाटेत कोणीतरी खातंय. उद्यापासून लाइन तपासतो. घराघरात नळी भरून बघतो, कुठपर्यंत पिवळं येतंय ते."

"ह्या पायानं?"

"पाय एकच सुजलाय. दुसरा सरकारी कामाला आहे."

फडताळात थेंबांची बाटली होती. मागच्या साथीत काकांनीच घरोघर वाटलेली. घागरीत घालायचे थेंब, पावडरच्याच जातीचे, नळात पावडर कमी पडली तर घरच्या घरी पाणी शुद्ध करायला. चौथ्या दिवशी ताईंनी भांडं भरलं, बाटली काढली, आणि भांड्यात चार थेंब टाकले. ढवळलं. बाटली जागेवर ठेवली.

काकांनी नळीत पाणी घेतलं. औषध टाकलं. ताईंच्या मशीनवर पांढरं अस्तर होतं, त्यासमोर नळी धरली.

लिंबाच्या सालीसारखं पिवळं.

"पोचलं!" काका म्हणाले. ते हसले. पुढचा एक दात नव्हता, हे ताईंना त्या दिवशी कळलं. इतक्या वर्षांत ताईंनी त्यांना असं तोंड भरून हसताना पाहिलं नव्हतं. काकांनी चहा पूर्ण संपवला, कपाच्या तळाशी राहिलेल्या साखरेसकट.

लाइन तपासायची गरज उरली नाही.

एकदाच, असं ताईंनी ठरवलं होतं. गुडघ्याची सूज उतरेपर्यंत, असं नंतर ठरवलं. सूज उतरली, पण पूर्ण नाही. थेंब चालू राहिले. उरलेलं भांडं घागरीत जायचं, तेच घरात प्यायलं जायचं. सासू कुरकुरायची, "तोंडात दवाखाना आल्यासारखं वाटतं." बाटली संपली तेव्हा ताईंनी दुसरी मागितली. सांडली म्हणाल्या. तिसरी मागितली तेव्हा काका म्हणाले, "तुमच्याकडे थेंबांना पाय फुटतात का हो, ताई?" आणि बाटली दिली.

एका सकाळी काका गल्लीच्या तोंडाशी उभे राहिले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले. तिथपर्यंत सगळं फार वाईट नव्हतं.

"शेवटच्या नळावर तीन महिने रोज पिवळं येतंय. आता घागरीत वेगळे थेंब घालायचा त्रास घेऊ नका. नळाचं पाणी पुरे आहे."

लोकांना तेच हवं होतं. बाटल्या माळ्यावर गेल्या. एकीने तिच्या बाटलीने टेबलक्लॉथचे डाग काढले. ताई मशीनवर होत्या. हातातला कपडा त्यांनी सुईखालून काढला, पुन्हा घातला. उठून चार पावलं गेल्या असत्या तरी पुरलं असतं. त्या उठल्या नाहीत.

उठून सांगायचं तरी काय? तुम्ही ज्या दिवशी हसलात तो दिवस खोटा होता?

पुढे आणखी पाच महिने गेले.

मग गल्लीत जुलाब सुरू झाले. आधी कोपऱ्यावरचं घर. मग त्याच्या शेजारचं. चार दिवसांत गल्लीतल्या खालच्या सात घरांपैकी सहा घरांत माणसं आडवी झाली. ताईंच्या शेजारणीचं अकरा महिन्यांचं बाळ होतं. त्याचे डोळे खोल गेले, रडताना पाणी येईना. त्याला दवाखान्यात नेऊन सलाइन लावलं. शेजारीण जाताना ताईंच्या दारात थांबून म्हणाली, "घराकडे बघा हो, ताई." आणि गेली.

दुसऱ्या दिवशी नर्स गल्लीत आली. हातात वही, मागे थेंबकाका. घरोघर विचारत ती शेवटच्या घरी पोचली.

"तुमच्याकडे कोण आजारी?"

"कोणी नाही," ताई म्हणाल्या.

नर्सने आत डोकावून बघितलं. सासू खाटेवर बसून भाकरीचा तुकडा चहात बुडवत होती.

"ह्या कोण?"

"मी मेले नाही अजून," सासू म्हणाली. "लिही."

नर्स हसली. मग पेन गालाला लावून म्हणाली, "काका, हे बघा. धडधाकट माणसं लोळतायत, आणि ऐंशी वर्षांची आजी ठणठणीत. हे घर काय वेगळं पितं?"

काका उत्तर देणार होते. पण त्यांची नजर भांड्यावर गेली. मग फडताळाकडे. बाटली तिथेच होती, बूच नीट न लागलेली.

नर्स पुढे गेली. नळाला अजून बारीक धार होती. काका वाकले. नळ मिनिटभर वाहू दिला. नळी भरली, औषध टाकलं, मशीनवरचं अस्तर ओढून त्यासमोर धरली.

पाणी पांढरं राहिलं.

त्यांनी नळी ओतली, धुतली, पुन्हा भरली. पुन्हा पांढरं.

"कधीपासून, ताई?"

"तुमचा गुडघा सुजला होता तेव्हापासून."

काका दगडावर बसले. बोटांवर काहीतरी मोजलं. आठ बोटं झाली तेव्हा थांबले.

"शिव्या द्या, भाऊ," ताई म्हणाल्या. "गप्प बसू नका."

"तुम्हाला काय शिव्या देऊ? नियम तुमचा नव्हता. माझा होता." त्यांनी नळी रुमालात गुंडाळली. एकदा नीट जमली नाही, पुन्हा गुंडाळली. "पांढरं पाणी मला सांगत होतं. रोज सांगत होतं. लाइन कुठंतरी फुटलीय म्हणून. आणि मी इथं बसून चहा पीत होतो."

"मी गल्लीला सांगते. आत्ता सांगते."

"बसा खाली."

"बाळ दवाखान्यात आहे, भाऊ."

"म्हणूनच बसा. लोक तुमच्याकडे मापं द्यायला येतात. तुमच्या दारात आल्याशिवाय गल्लीत कोणाचं बटण लागत नाही. त्यांनी उद्या दार सोडलं तर तुम्ही आणि आजी काय करणार? मला शिव्या द्यायची त्यांना सवय आहे. त्यात आणखी दोन."

त्या दिवशी त्यांनी पाणीपुरवठा कार्यालयातल्या नोंदवहीत एक ओळ लिहिली. 'आठ महिने नमुना नळावरून घेतला नाही. चूक माझी.' आठवड्याने कारणे दाखवा अशी नोटीस आली. काकांनी उत्तरात तीच ओळ पुन्हा लिहिली. कार्यालयातला कारकून म्हणाला, "काका, कारण लिहा हो. हे तर उत्तर नाही." काका म्हणाले, "कारण गुडघ्यात आहे. ते कागदावर मावत नाही."

नोंद लिहिली त्याच्या दुसऱ्या दिवशी ते नळी घेऊन वरून निघाले. प्रत्येक घरात, प्रत्येक नळावर. वरच्या घरी गडद पिवळं. मधल्या घरी पिवळं. न्हाव्याच्या दुकानात फिकट. न्हाव्याने विचारलं, "काय शोधताय?" काका म्हणाले, "आठ महिन्यांपूर्वी शोधायला हवं होतं ते." गल्लीच्या तोंडाशी अगदी फिकं. पुढे लाइन गटाराखालून जाते. गटाराच्या अलीकडे जेमतेम रंग, पलीकडे काहीच नाही.

त्यांनी लोखंडी कांब गटाराच्या कडेला जमिनीत रोवली आणि दुसरं टोक कानाला लावलं, गळतीचा आवाज येतो का ते ऐकायला. डोळे मिटले. ताई दारातून बघत होत्या. एवढ्या गोंगाटात तो माणूस जमिनीचं बोलणं ऐकत होता.

खणल्यावर सांधा दिसला. आतलं रबर कुजून गेलं होतं. पाणी चालू असताना तिथून बाहेर गळायचं. पाणी बंद झालं की पाइप गटाराचं घाण पाणी आत ओढून घ्यायचा. सकाळी तीच घाण पावडरचा अंश खाऊन टाकायची आणि उरलेली घाण पुढच्या सात घरांत जायची.

काकांनी नवं रबर घातलं, वर पट्टा आवळला. गल्लीला आठ दिवस पाणी उकळायला सांगितलं. माळ्यावरच्या बाटल्या खाली आल्या. बाळ तिसऱ्या दिवशी घरी आलं. हाताला सुईची पट्टी होती, ती चोखत होतं.

शेजारीण नळावर म्हणाली, "काकाचं वय झालंय. आता दुसरा माणूस ठेवायला पाहिजे."

बायकांनी माना हलवल्या. ताईंची घागर भरून वाहू लागली होती. त्यांनी ती उचलली आणि आत आल्या.

"तोंडात काय मिठाची गुळणी धरलीय?" सासूने विचारलं.

ताईंनी घागर जागेवर ठेवली.

काका त्यानंतरही रोज आले. भांडं बंद झालं. चहा चालू राहिला, पण परीक्षा झाल्यावर. आणि परीक्षा आता ते स्वतः करत नव्हते. नळी आणि औषधाची बाटली त्यांनी ताईंकडेच ठेवली. "मी येईन, न येईन. पाणी यायच्या वेळी तुम्ही इथं असताच." ताईंनी पहिल्यांदा औषध टाकलं तेव्हा एकाऐवजी तीन थेंब पडले. "राहू दे," काका म्हणाले. "आधी मिनिटभर नळ वाहू द्या. घाई करू नका. मशीनवर घाई केली तर शिवण उसवते ना? तसंच." मग म्हणाले, "आणि पांढरं आलं तर मला पांढरंच सांगायचं."

"सांगेन."

"माझा पाय कितीही सुजलेला असला तरी."

"सांगेन म्हटलं ना, भाऊ."

दुरुस्तीनंतर शेवटच्या नळावर पिवळं आलं. फिकट, पण आलं. काकांचं समाधान झालं नाही. पाइप गटाराखाली आहे तोवर पुन्हा हेच होणार, असं त्यांचं म्हणणं. रबर आज नवं आहे, दोन वर्षांनी कुजेल. पाइप गटाराखालून काढून गटारावरून न्यायला हवा. कार्यालयाने सांगितलं की वर कळवलं आहे. काका म्हणाले, "वर म्हणजे कुठं? वर तर मी रोज जातो. तिथं टाकी सोडून कोणी नसतं."

मग ते सुट्टीच्या दिवशी स्वतःच लागले. गटाराच्या दोन्ही कडांना विटांचे दोन ओटे बांधले, त्यांवर पाइप टेकवायला. कार्यालयाच्या गोदामातून पाइपचा एक जुना पण धड तुकडा आणला, मापाने कापला. ताईंच्या ओट्यावर बसून त्याच्या टोकांना आटे पाडायला घेतले, जोड फिरवून बसवायला. आटे पाडायचं हत्यार नळवाल्याकडून मागून आणलेलं होतं. पाइप दोन पायांत धरायचा, हत्यार अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे, तेल, पुन्हा पुढे. लोखंडाचे बारीक कुरळे कीस ओट्यावर पडत होते. सासू आतून म्हणाली, "दात खातोय का कोण?"

एका टोकाचे आटे झाले तेव्हा दुपार झाली होती. गुडघा बोलू लागला होता. काकांनी दुसऱ्या टोकाला खडूने खूण केली, किती लांब आटे पाडायचे त्याची.

"हे पुढच्या सुट्टीला," ते म्हणाले. "ताई, एक रीळ जाड सूत बाजूला ठेवा. आट्यांवर गुंडाळायला लागेल. नुसतं आवळलं तर गळतं."

ताईंनी सूत मशीनच्या खणात ठेवलं.

तीन दिवसांनी पाणी आलं नाही. गल्लीने तासभर वाट बघितली, मग बोलायला सुरुवात केली. "काका झोपले वाटतं." "सांगितलं होतं, दुसरा माणूस ठेवा म्हणून." न्हावी वैतागून टेकडीवर गेला.

काका टाकीच्या शिडीच्या पायथ्याशी भिंतीला टेकून बसलेले होते. रोज अर्धा तास बसायचे तिथेच. बादली धुऊन पालथी घातलेली. पोत्याला दोन गाठी, वर वीट. पावडर टाकीत घातलेली होती. पाणी तयार होतं. व्हॉल्व्ह उघडायच्या आधीच ते गेले होते.

व्हॉल्व्ह न्हाव्याने उघडला. कोणत्या बाजूला फिरवायचा हे त्याला ठाऊक नव्हतं, दोन्ही बाजूंना फिरवून बघितलं.

शेवटच्या नळाला पाणी आलं तेव्हा गल्लीतली बरीच माणसं काकांच्या घराकडे गेली होती. ताई थांबल्या. त्यांनी नळ मिनिटभर वाहू दिला. नळी भरली. औषध टाकलं. पांढरं अस्तर आणलं.

पिवळं होतं.

शेजारीण बाळाला कडेवर घेऊन तिथेच उभी होती. ताई तिला म्हणाल्या, "आठ महिने ह्या नळावर पिवळं येत नव्हतं. येतंय असं मी दाखवत होते. माझ्या हातानं थेंब टाकून. चूक त्यांची नव्हती."

शेजारीण बराच वेळ बघत राहिली. ताईंकडे नाही, नळाकडे. मग बाळाला घेऊन घरात गेली आणि दार लावून घेतलं. दोन आठवडे ती मशीनकडे फिरकली नाही. तिसऱ्या आठवड्यात बाळाचं झबलं घेऊन आली. बटण तुटलं होतं. ताईंनी बटण लावून दिलं.

दुसरा माणूस आला आहे. तरुण आहे, शिडी धावत चढतो. शेवटच्या नळावर मात्र येत नाही. ताई रोज रंग बघतात आणि चिठ्ठीवर लिहून न्हाव्याकरवी वर पाठवतात.

पाइपचा तुकडा ताईंच्या ओट्यावर भिंतीला लावून ठेवलेला आहे. गटाराच्या दोन्ही कडांना विटांचे ओटे तयार आहेत. जाड सूत खणात आहे. पाइपच्या एका टोकाला आटे पाडलेले आहेत, त्यांवर ताईंनी तेल लावून चिंधी बांधली आहे. दुसऱ्या टोकाला खडूची खूण आहे.